तपासणीचा खर्च

संसदेची किंवा विधिमंडळाची एखादी समिती दौऱ्यावर निघाली, की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती खर्चाची. गाड्यांचा ताफा, विश्रामगृहे, भत्ते, जेवणावळी! विचारणे रास्तच आहे. पैसा आपला आहे. पण त्या पैशांत काय मिळाले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

कादंबऱ्या लिहू लागण्यापूर्वी मी बँकेत अधिकारी होतो. शेतीकर्जे हाताळताना एक गोष्ट पक्की कळली. कर्ज मंजूर होते टेबलावर, पण पैसा विहिरीत उतरला की लग्नात, हे कळायला बांधावरच जावे लागते. वरून काटकसरीचे परिपत्रक आले, की पहिली कात्री लागे ती या तपासणीच्या प्रवासबिलाला. मग शेकड्यांत बचत होई आणि हजारांत थकबाकी.

संसदेची कृषीविषयक स्थायी समिती हे काम देशासाठी करते. १९८९ साली ज्या तीन विषयांच्या समित्या प्रथम नेमल्या, त्यांत शेती होती. १९९३ पासून ही पद्धत इतर खात्यांनाही लागू झाली. समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. कृषी खात्याच्या अनुदानाच्या मागण्या त्या तपासतात, सचिवांना समोर बसवून जाब विचारतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण नोंद राहते.

जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा २०१२ चा अहवाल आठवा. बासुदेव आचार्य अध्यक्ष होते. समितीचे सदस्य यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांना भेटून आले, आणि सत्ताधारी पक्षाचे सदस्य असूनही समितीने सरकारला न रुचणारे मत मांडले. ते मत पटो न पटो, प्रवासखर्च कारणी लागला.

आता उलटे उदाहरण. सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे संसदेत मंजूर झाले. विधेयके या समितीकडे पाठवलीच नाहीत. चार बैठकांचा चहा वाचला! पुढे वर्षभराहून अधिक काळ शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. ही बचत कुणाला परवडली?

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात १८२० पासून कृषी समिती आहे. तिथे दर दोन वर्षांनी समितीचा अध्यक्ष कर्मचारी, प्रवास, कार्यालय यांचा अंदाज मांडतो आणि सभागृह ठराव करून रक्कम मंजूर करते. साधारण एक तृतीयांश वाटा विरोधी सदस्यांना मिळतो, म्हणजे त्यांनाही स्वतःचे जाणकार नेमता येतात. आपल्याकडे समितीचे कामकाज लोकसभा सचिवालय सांभाळते. शेतीतज्ज्ञांचा स्वतंत्र ताफा तिच्या दिमतीला नसतो. समोर खात्याचे मुरलेले अधिकारी, आणि प्रश्न विचारणारा खासदार मात्र वाचनालयाच्या टिपणांवर विसंबून.

म्हणून माझे म्हणणे असे, की कृषी समितीला अधिक पैसे द्या. पण ते जाणकार माणसांसाठी आणि बांधावर जाण्यासाठी द्या. तिचा खर्च दरवर्षी वेगळा छापा. दौऱ्यात कोण कुठे गेले, काय पाहिले, कोणती शिफारस सरकारने मानली, हेही त्याच पानावर येऊ द्या. आणि तुमच्या मतदारसंघाचा खासदार अशा समितीवर असेल, तर तो किती बैठकांना हजर होता, हे त्याला मत मागायला आल्यावर जरूर विचारा.