हिरवळीवरचा ताळेबंद

7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोजवळच्या कासुमिगासेकी कंट्री क्लबच्या मैदानावर ऑलिंपिकमधील महिला गोल्फची अखेरची फेरी संपत आली होती. एरवी गोल्फकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या अनेक भारतीय घरांत त्या सकाळी दूरचित्रवाणीसमोर गर्दी जमली होती. जागतिक क्रमवारीत 200 व्या स्थानावर असलेली बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. चार फेऱ्यांत तिला 269 फटके लागले. अमेरिकेच्या नेली कोर्डाने 267 फटक्यांत सुवर्णपदक मिळवले. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को यांना प्रत्येकी 268 फटके लागले. एका फटक्याने पदक हुकले. अदितीचे टीवरून मारलेले फटके सोबतच्या खेळाडूंच्या मानाने आखूड पडत होते. तरीही ती अठराव्या खळग्यापर्यंत शर्यतीत टिकून राहिली, ती प्रामुख्याने पटरच्या बळावर.

पटर म्हणजे ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळत नेण्याची काठी. त्या फटक्याला ‘पट’ म्हणतात. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच आणि चेंडूचा जवळपास पावणेदोन इंच. पाहणाऱ्याला हे काम अगदी सोपे वाटते. परंतु पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला रविवारी सकाळी फेरी संपवून चहाच्या टेबलाशी बसलेल्या हौशी मंडळींचे बोलणे ऐकावे. निम्म्या तक्रारी पटिंगच्या असतात. ‘आज पटिंगने घात केला’ हे वाक्य तेथे नेहमीचे आहे. त्यानंतरचा निर्णयही ठरलेला असतो: नवा पटर घ्यायचा.

हीच मंडळी सोमवारी आपापल्या पेढीवर बसतात, तेव्हा खतावणी पाहिल्याशिवाय कोणत्याही मालाला खोटीचा माल म्हणत नाहीत. मग पटिंगचा निवाडा मात्र केवळ आठवणीवर का व्हावा?

एकूण संख्येचा फसवेपणा

बहुतेक खेळाडू स्कोअरकार्डाच्या कोपऱ्यात एकच आकडा लिहितात: फेरीतील एकूण पट. 30 झाले तर समाधान, 36 झाले तर खंत. हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. पहिला पट किती अंतरावरून मारला, हे तो सांगत नाही.

दोन मित्रांचे उदाहरण घ्यावे. पहिल्याचे लांबचे फटके ग्रीनवर पोहोचतच नाहीत. ग्रीनच्या कडेवरून छोटा चिप मारून तो चेंडू खळग्याजवळ आणतो. त्यामुळे त्याचा पहिला पट प्रत्येक वेळी साधारण 5 फुटांवरून असतो. दुसऱ्याचे लांबचे फटके अचूक आहेत. त्याचा चेंडू थेट ग्रीनवर येतो, पण खळग्यापासून सरासरी 19 फुटांवर थांबतो. फेरीअखेर पहिल्याचे 30 पट होतात आणि दुसऱ्याचे 35. चहाच्या टेबलावर पहिल्याचे कौतुक होते आणि दुसरा नव्या पटरच्या शोधात निघतो.

हे कौतुक आणि ही खरेदी, दोन्ही चुकीच्या हिशेबावर आधारलेली आहेत.

अंतराला वजन दिले तर

न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमधील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या कोड्याचा उलगडा केला. त्यांचा मूळ विषय वित्तशास्त्र आणि जोखमीचे गणित. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक फटक्याचे अंतर यंत्रांनी मोजून साठवले जात होते. त्या प्रचंड नोंदींवरून त्यांनी, कोणत्या अंतरावरून सरासरी किती पट लागतात, याचे कोष्टक मांडले. त्या सरासरीतून खेळाडूला प्रत्यक्षात लागलेले पट वजा केले की त्याने किती कमावले किंवा गमावले, ते कळते. या पद्धतीला ‘स्ट्रोक्स गेन्ड’ म्हणतात. 2011 पासून पीजीए टूरने पटिंगसाठी हा निकष अधिकृतपणे स्वीकारला.

या नोंदींतून निघालेले काही आकडे हौशी खेळाडूने ध्यानात ठेवावेत असे आहेत. व्यावसायिक पुरुष खेळाडू 8 फुटांवरून निम्म्या वेळाच पहिल्या पटमध्ये यशस्वी होतो. 10 फुटांवरून शंभरात सुमारे 40 वेळा आणि 20 फुटांवरून सुमारे 15 वेळा. सरासरी दोन पट लागण्याचे त्याचे अंतर 33 फूट आहे. फेरीत 90 च्या आसपास फटके लागणाऱ्या हौशी खेळाडूची निम्म्या यशाची मर्यादा 5 फूट आहे, 10 फुटांवरून तो पाचांत एकदा यशस्वी होतो आणि दोन पटांची सरासरी 19 फुटांवरच गाठतो. 30 फुटांवरून त्याला साधारण पाचांत एकदा तीन पट लागतात, तर व्यावसायिकाला विसांत एकदा.

यावरून हौशी खेळाडूसाठी ढोबळ दर असे धरता येतात: 5 फुटांवरून दीड पट, 10 फुटांवरून 1.8, 19 फुटांवरून 2 आणि 30 फुटांवरून 2.2.

आता त्या दोन मित्रांचा हिशेब पुन्हा मांडावा. पहिल्याला अठरा खळग्यांवर दीडच्या दराने 27 पट पुरायला हवे होते. त्याला 30 लागले, म्हणजे 3 फटक्यांचा तोटा. दुसऱ्याला दोनच्या दराने 36 पट अपेक्षित होते. त्याने 35 मध्ये काम भागवले, म्हणजे एका फटक्याची कमाई. पटर बदलायला निघालेल्या माणसाचेच पटिंग दोघांत सरस होते. सुधारणेची गरज होती ती कौतुक झालेल्या मित्राला, आणि तीही दोन ठिकाणी: ग्रीन गाठणाऱ्या फटक्यात आणि जवळच्या पटमध्ये.

मोठा खर्च आणि मोठा फरक

येथे आणखी एक समजूत तपासण्यासारखी आहे. फेरीतील फटक्यांपैकी साधारण चाळीस टक्के पटच असतात, म्हणून सामना पटिंगवरच जिंकला जातो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ब्रॉडी यांच्या विश्लेषणात मात्र अव्वल व्यावसायिकांना इतरांवर मिळणाऱ्या सरशीत पटिंगचा वाटा सुमारे 15 टक्केच निघाला. सर्वांत मोठा वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांचा होता.

यातील विसंगती वरवरची आहे, हे व्यापाऱ्याला सहज उमगेल. एका पेठेतील सगळ्या दुकानांना भाडे हा मोठा खर्च असतो, पण तो साऱ्यांनाच सारखा असतो. दोन दुकानांच्या नफ्यातील फरक भाड्याने पडत नाही, तो खरेदी आणि उठाव यांनी पडतो. पटची संख्या सर्वांचीच मोठी असते. एखाद्याचे पटिंग खरोखर किती उणे आहे, हे मोजल्याशिवाय सारा सराव त्यावरच खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. ज्याला आठवड्यातून सरावासाठी दोनच तास मिळतात, त्याने ते कोठे घालावेत, हा प्रश्न साधा नाही.

नोंदवहीची रीत

हौशी खेळाडूला यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. खिशातील छोटी वही पुरते. प्रत्येक खळग्यासाठी तीन रकाने करावेत: पहिल्या पटचे अंतर, एकूण पट आणि पहिला पट चुकला असल्यास चेंडू कोठे थांबला. अंतर पावलांनी मोजावे. त्यासाठी आपले पाऊल किती फुटांचे आहे, हे घरी एकदा टेपने तपासून घ्यावे. अडीच फुटांचे पाऊल असेल तर आठ पावले म्हणजे 20 फूट. ग्रीनच्या बाहेरून पटर वापरला असेल तर तो फटका पट म्हणून धरू नये.

फेरीनंतर प्रत्येक खळग्याचा अपेक्षित दर लिहून बेरीज करावी. समजा, चार खळग्यांवर 5, 10, 19 आणि 30 फुटांवरून अनुक्रमे 2, 1, 2 आणि 3 पट लागले. अपेक्षित बेरीज साडेसात, प्रत्यक्ष आठ. तोटा अर्ध्या फटक्याचा. पण खरी माहिती बेरजेपेक्षा तपशिलात आहे. या खेळाडूने 10 फुटांवर 0.8 कमावले, 5 फुटांवर अर्धा आणि 30 फुटांवर 0.8 फटका गमावला.

एका बाबतीत मात्र कठोर राहावे लागेल. मित्रांच्या खेळात दोन-तीन फुटांचा पट ‘गिमी’ म्हणून न मारताच सोडून देण्याची प्रथा आहे. समोरासमोरच्या मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्धी असा पट नियमाने बहाल करू शकतो. फटके मोजण्याच्या स्ट्रोक प्लेमध्ये मात्र चेंडू खळग्यात घालावाच लागतो. सौजन्य म्हणून गिमी स्वीकारायला हरकत नाही, पण वहीत तो यशस्वी पट म्हणून लिहिणे म्हणजे वसूल न झालेली रक्कम जमेच्या बाजूला दाखवणे. अशा खतावणीतला नफा कागदावरच राहतो. तो पट शांतपणे मारून पाहावा, किंवा त्या खळग्यापुढे तशी खूण करून तो हिशेबातून वगळावा.

चुकीचे निदान

तिसऱ्या रकान्यातून कारण कळते. जवळचे पट बहुधा दिशेने चुकतात आणि लांबचे वेगाने. 30 फुटांवरून चेंडू उजवीकडे एक फूट गेला तरी फारसे बिघडत नाही, पण तो सहा फूट अलीकडे थांबला की तीन पटांची पाळी येते. म्हणून लांबच्या पटसमोर ‘अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ आणि किती फूट, एवढे लिहावे. पटिंगचे अभ्यासक आणि नासाचे माजी संशोधक डेव्ह पेल्झ यांच्या मते, खळगा चुकलाच तर चेंडू सुमारे 17 इंच पुढे जाऊन थांबेल, असा वेग सर्वांत लाभदायक असतो. अलीकडे थांबलेल्या चेंडूला खळग्यात पडण्याची संधीच मिळालेली नसते.

उतारावरच्या पटमध्ये चेंडू खळग्याच्या चढाच्या बाजूने गेला की उताराच्या, हेही लिहावे. हौशी खेळाडू बहुधा उतार कमी लेखतात आणि त्यांचा चेंडू खालच्या बाजूने निसटतो. वहीत सलग पाच-सहा वेळा ‘खालून’ असे दिसले, तर दोष हाताचा किंवा पटरचा नसून नजरेचा आहे, हे उघड होते.

नोंदीवर ग्रीनची अवस्थाही लिहावी. 1935 च्या यूएस ओपननंतर एडवर्ड स्टिम्प्सन या अमेरिकी गृहस्थांनी ग्रीनचा वेग मोजण्याचे साधे साधन बनवले. खाचेच्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो, हे त्यावरून मोजतात. पावसाळ्यातील ओलसर ग्रीन आणि जानेवारीतील कोरडे ग्रीन यांचे आकडे एकाच मापाने तोलू नयेत.

घाईचा निष्कर्ष

एका फेरीवरून निवाडा करणे हा सर्वांत मोठा धोका आहे. ज्या खेळाडूचे एखाद्या अंतरावरून खरे यश शंभरात 40 आहे, त्याला दहा प्रयत्नांत एखाद्या दिवशी 2 आणि दुसऱ्या दिवशी 6 पट मिळणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. शंभर प्रयत्न झाले की हा चढउतार बराच आवरतो आणि आकडा बहुधा 35 ते 45 च्या दरम्यान राहतो. निदान दहा फेऱ्यांच्या, म्हणजे 180 खळग्यांच्या नोंदी जमल्याशिवाय ना पटर बदलावा, ना पकड.

तोवर महिन्यातून एकदा सरावाच्या ग्रीनवर दोन चाचण्या घ्याव्यात. खळग्याच्या चारी बाजूंनी, 5 फुटांवरून, प्रत्येकी पाच असे वीस पट मारावेत. दहा गेले तर 90 च्या पातळीच्या खेळाडूचे काम रास्त झाले. मग 30 फुटांवरून दहा पट मारून किती चेंडू खळग्यापासून 3 फुटांच्या आत थांबले, ते लिहावे. या आकड्यांची तुलना मित्राशी न करता आपल्याच मागील महिन्याशी करावी.

टोकियोच्या अखेरच्या खळग्यावर अदितीचा लांबचा बर्डी पट खळग्याजवळून निघून गेला. पाहणाऱ्यांना तो एकच पट आठवतो. वास्तविक लांबून पट चुकणे हेच व्यावसायिकांच्या खेळातही नेहमीचे असते. चार दिवसांच्या बहात्तर खळग्यांची खतावणी उघडली तर त्याच पटरने तिला 200 व्या क्रमांकावरून पदकाच्या उंबरठ्यापर्यंत आणलेले दिसते. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या खेळाडूनेही पुढच्या रविवारी चुकलेला शेवटचा पट मनात घोळवत घरी येण्याऐवजी अठरा ओळींची नोंद घेऊन यावे. दहा रविवारांनंतर त्या वहीत ‘नवा पटर’ असे उत्तर निघाले, तर तो खुशाल घ्यावा.