मापाचे यंत्र कोठे आहे?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातुरास पाण्याची आगगाडी गेली, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारे 5 लक्ष लिटर पाणी होते. त्यापूर्वी शहरातील पाणीसाठ्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी आली होती. आता वाचकांनी आमच्याबरोबर एक साधा हिशेब करून पाहावा. लातूर जिल्ह्यात सरासरीच्या वर्षी सातशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सातशेच धरला तरी एका हेक्टरावर 70 लक्ष लिटर पाणी पडते. म्हणजे तशा चौदा आगगाड्या एकेका हेक्टरावर, भाडे न घेता, आकाशातून उतरतात! अवर्षणात निम्मा पाऊस झाला तरी सात उतरतातच. त्यांतील पुष्कळ पाणी पिके पितात, पुष्कळ ऊन नेते, हे खरे. परंतु उरलेल्याचे काय होते, याची नोंद किती गावांच्या दप्तरी आहे?

यंत्रयुगास आमचा शेतकरी नाखूष आहे असे म्हणणाऱ्यांची आम्हांस गंमत वाटते. विंधणविहिरीचे यंत्र मराठवाड्याच्या शिवारात कोणाची वाट पाहत थांबले नाही. शेती-उद्योगासाठी साठ मीटरांहून खोल विहीर खणू नये असे 2009 चा भूजल कायदा सांगतो. तरी आठशे-हजार फूट खोल जाणारी भोके पाडली जातात. उपशाचे यंत्र बांधावर आले, मापाचे यंत्र मात्र कचेरीतच राहिले, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

मापाची साधने नाहीत असे मुळीच नाही. नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्रापाशी उपग्रहचित्रांवरून केलेले पाणलोटांचे नकाशे आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी मोजते. 2018 साली आरंभिलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाकरिता मुंबईच्या आयआयटीने गावोगावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत सिद्ध करून दिली. मुखेड, जळकोट, अहमदपूर अशा बालाघाटाच्या उतारांवरील तालुक्यांस तर ही विद्या वरदानच होय. तेथील भुई काळ्या पाषाणाची. पाणी राहते ते वरच्या मुरुमात व खडकाच्या फटींत. फट नसलेल्या कातळावर नाला कितीही खोल केला तरी तेथे डबके होईल, शेजारच्या विहिरीस पाझर फुटणार नाही. कोठे खोदावे व कोठे खोदू नये, हे ठेकेदाराच्या सोयीने नव्हे, नकाशा व भूस्तर पाहून ठरले पाहिजे.

जलयुक्त शिवार मोहिमेत कामांची छायाचित्रे स्थाननिर्देशासह घेण्याची सोय होती. तरीही 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी, भूजलाची पातळी वाढविण्यात या मोहिमेस फारसे यश आले नाही, असा अभिप्राय दिला. आम्हांस याचे नवल वाटत नाही. छायाचित्र बंधारा दाखविते. बंधाऱ्याचे पाणी कोणाच्या उसात गेले, हे दाखवीत नाही.

कोणी म्हणतील, आमच्या वाडवडिलांस नकाशावाचूनही पाणी कळत होते. कळत होते, पण त्यांची मोट डोळ्यांस दिसणारे पाणी उपशी. हजार फुटांखालचे पाणी ओढणाऱ्यास वाडवडिलांचा दाखला देण्याचा अधिकार नाही. दाखला हवाच असेल तर हिवरेबाजारचा घ्यावा. तेथे दरवर्षी पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून मग पिके ठरवितात, आणि शेतीकरिता विंधणविहिरीस बंदी आहे. उपग्रह नसतानाही जे हिशेबाने साधले, ते उपग्रह हाती असता नांदेड-लातुरास का साधू नये?

यास्तव उभय जिल्हा परिषदांस आमची स्पष्ट सूचना आहे. पाऊस सरताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, प्रत्येक गावाचा ताळेबंद मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा: पाऊस किती पडला, मुरला किती, विंधणविहिरी किती, ऊस किती एकर. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचावा आणि हरभरा, ज्वारी व ऊस यांचे क्षेत्र त्यावरून ठरवावे. उसाच्या एकरांचा आकडा भिंतीवर चढला की गावात कुरबूर होईल, हे आम्ही जाणतो. ती होऊ द्यावी.