एक्स्पोजर म्हणे!

सुट्ट्यांचा विषय निघाला की ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, "यंदा सिंगापूर. मुलांना एक्स्पोजर मिळतं ना!" कसलं एक्स्पोजर, राव? युनिव्हर्सल स्टुडिओ, मर्लायनसमोर फोटो, बसमध्ये मराठी अंताक्षरी आणि रात्री पनीर. पोरं मजा करतात, ना नाही. मग मजेसाठी चाललोय असं सरळ म्हणा की! क्षितिजं बिचारी कशाला रुंदावताय?

त्याच शहरात हॉकर सेंटर्स आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला वारसा यादीत घेतलं. मलय, चिनी, तमिळ माणसं तिथे एकाच छपराखाली जेवतात, आणि २०२१ पासून आपला ट्रे आपण उचलून ठेवणं सक्तीचं आहे, नाहीतर दंड होऊ शकतो. घरी ज्याचं ताट कायम आई नाहीतर कामवाल्या मावशी उचलतात, त्या पोराला हा ट्रे उचलू द्या. मेट्रोचा नकाशा त्याच्या हातात द्या, चुकू देत दोन स्टेशनं. (व्हेजचं टेन्शन नको, डोसा मिळतो!)

पण नाही. परत आल्यावर पोरगं सांगतं, "तिथे सगळं एकदम क्लीन आहे." त्या चकाचक इमारती बांधणारे कितीतरी मजूर तमिळनाडू आणि बांगलादेशातून आलेले असतात. रविवारी सुट्टीला ते लिटल इंडियात जमतात, मुस्तफा सेंटरच्या आसपासच. आपली टूरही तिथेच उतरते, शॉपिंगला. आणि आई-बाबा पोराचा हात घट्ट धरून कुरकुरतात, "काय ही गर्दी!"