मोजमाप कशाचे?

हिंजवडीच्या ज्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि सिम्बायोसिससारख्या संस्थांनी विद्यालये थाटली, तेथील विद्यार्थ्याचे अध्ययन, मित्रसंवाद व नोकरीचा अर्ज ही सारी एकाच पडद्यावर चालत असता, इंटरनेटच्या अतिरेकाची मोजदाद केवळ तासांच्या हिशेबाने करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९८ साली सिद्ध केलेली इंटरनेट-व्यसनाची वीस प्रश्नांची चाचणी हरवलेली झोप, लपवाछपवी आणि आवर घालण्याचे फसलेले प्रयत्न यांचीही विचारपूस करते. मात्र तीत आरोपी व साक्षीदार एकच असतो, हे वैगुण्य उरतेच. म्हणून महाविद्यालयांनी प्रश्नावलीसोबत, १९८६ पासून व्यसनमुक्तीचे कार्य करणाऱ्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांचा अनुभवही हाताशी घ्यावा, ही आमची कळकळीची विनंती, कारण मध्यरात्री वसतिगृहाच्या खिडकीत उजळलेला चेहरा अभ्यासात गढला आहे की एकाकीपणात, हे गुणांच्या बेरजेतून कळत नाही.