एका वाक्यावर उचललेला हातोडा

वाचकहो, ‘यांच्या धर्मात मूर्तीला थारा नाही, मग यांच्या देवळांत चित्रे कशी?’ असा टोमणा आपले काही प्रवचनकार ख्रिस्ती लोकांना व्यासपीठावरून मारतात आणि टाळ्या घेतात. टाळ्या खुशाल घ्या, पण आधी त्यांचा ग्रंथ उघडा. ज्याचे खंडन करायचे त्याचा पूर्वपक्ष नीट मांडायचा, ही आपली जुनी शिस्त आहे.

‘निर्गम’ पुस्तकाच्या २० व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, अशी आज्ञा आहे. खरे. पण पाचच अध्याय पुढे तोच देव मोशेला सांगतो, की कराराच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन पंखवाले करूब घडव. मंडपाच्या पडद्यांवरही करूबच. बसालेल नावाच्या कारागिराच्या अंगी देवाने आपला आत्मा भरला, तोही सोने, रुपे, पितळ, लाकूड घडवण्यासाठी! पुढे शलमोनाच्या मंदिराच्या अंगणात पाण्याचे प्रचंड गंगाळ बारा ओतीव बैलांच्या पाठीवर उभे होते. ते काय कोणाला दिसत नव्हते?

मूर्तिभंजक म्हणेल, त्या बैलांना कोणी नमस्कार करीत नव्हते. मान्य. मग निषेध नमस्काराचा ठरला, छिन्नीचा नव्हे. तरीही ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती चित्रे फोडली. इ. स. ७५४ मध्ये बायझंटाईन सम्राटाच्या छत्राखाली भरलेल्या परिषदेने चित्रे निषिद्ध ठरवली. १५२४ मध्ये झुरिकची देवळे नगरसभेच्या हुकमाने रिकामी झाली, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमाव हातोडे घेऊन शिरला. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात एका उन्हाळ्यात मातीला मिळाले. ल्यूथर स्वतः सुधारक, पण विटेनबर्गमधल्या अशाच दांडगाईविरुद्ध त्याने १५२२ मध्ये प्रवचने दिली. हे आमच्या व्यासपीठावर कोणी सांगत नाही.

नमस्काराचे उत्तरही त्यांच्यापाशी आहे. दमास्कसचा योहान म्हणे, अदृश्य देवाचे चित्र कोण काढील? पण तो देह धरून माणसांत वावरला, तर त्या देहाचे चित्र का नको? (हा योहान खलिफाच्या राज्यात राहत होता, म्हणून सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोचला नाही.) ७८७ च्या नायसिया परिषदेने निवाडा दिला: आराधना एकट्या देवाची, चित्राला केवळ मान, आणि तो मान ज्याचे चित्र त्याला पोचतो. पटो न पटो, हा विचार आहे, ढोंग नव्हे.

चित्रे मांडणाऱ्यांनाही मी मोकळे सोडत नाही. रानात सर्पदंशाने माणसे मरू लागली, तेव्हा मोशेने देवाच्याच आज्ञेने पितळेचा साप खांबावर उभारला. त्याच्याकडे पाहणारा जगला. शतकांनंतर लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने तो फोडला. ग्रंथ त्या राजाची स्तुतीच करतो. घडवणाराही देवाचा, फोडणाराही देवाचा. मधल्या काळात पितळ बदलले नव्हते, पाहणारे बदलले होते.

तेव्हा प्रवचनकार महाराज, पुढचा टोमणा मारण्याआधी ‘गणना’ २१ आणि ‘दुसरे राजे’ १८ हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. मग बोला, मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन.