मोटारीचें पायताण

हल्लीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून मोटार ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास नोकरीला लागला कीं दोन-तीन वर्षांत मोटार घेतो, व दिवाळीला ती घेऊनच अमरावतीस किंवा अकोल्यास आईबापांच्या भेटीस येतो. यांत नवल कांहीं नाहीं. नवल आहे तें त्याच्या नव्या छंदाचें. वर्षांतून तीन-चार वेळां हा मुलगा आपली तीच मोटार कोइमतूरच्या करी स्पीडवेवर अथवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील मार्गावर नेतो, शुल्क भरतो, शिरस्त्राण चढवितो, आणि ना बक्षीस ना टाळ्या, केवळ हौसेखातर दिवसभर फेऱ्या मारतो. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. त्या दिवशीं कोणी पहिला नाहीं, कोणी शेवटचा नाहीं; ज्याची चुरस त्याच्या स्वतःच्याच घड्याळाशीं. माझ्या परिचयाच्या तीन घरांत हा छंद शिरला आहे, आणि तिन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनीं मला एकच प्रश्न विचारला : या पोराला टायर कोणते घेऊं द्यावे?

निवृत्त मास्तरास हा प्रश्न कां, असें कोणी म्हणेल. परंतु मास्तराला सर्व कांहीं येतें ही आपल्याकडील समजूत अद्याप पुसली गेलेली नाहीं, आणि ती पुसण्याची घाई मींही केलेली नाहीं. वाचून व दोघां जाणत्या टायरवाल्यांना विचारून जें समजलें तें येथें मांडतों.

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवितो तिला आपण धांव म्हणतों. संस्कृतांत चाकाच्या त्या बाहेरच्या कडेस नेमि हा शब्द आहे. त्या धांवेच्या जागीं हवा भरलेली रबरी नळी आणली ती बेलफास्ट येथें जनावरांची डॉक्टरी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थानें, १८८८ सालीं, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं. पुढें सातच वर्षांनीं, १८९५ सालीं, फ्रान्सांतील मिशेलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत हवेचे टायर लाविलेली मोटार उतरविली. वाटेंत टायर इतक्या वेळां बसले कीं शर्यत हातची गेली. परंतु हवेवर मोटार धांवते एवढें जगाला दिसलें. तात्पर्य, टायर आणि शर्यत यांचें नातें टायरच्या बाल्यापासूनचें आहे, आणि पोराला शर्यतीचा टायर हवासा वाटतो त्यांत त्याचा एकट्याचा दोष नाहीं.

चालत्या मोटारीचा जमिनीशीं जो संबंध येतो तो प्रत्येक चाकामागें फार तर तळहाताएवढ्या जागेपुरता. वेग घेणें, थांबणें, वळणें या सर्वांचा भार त्या चार तळहातांवर. रबर जितकें मऊ तितकी पकड घट्ट, पण तितकीच झीज लवकर. रबराच्या नव्या मिश्रणांनीं हा विरोध पुष्कळ सौम्य केला आहे. मिटविलेला मात्र नाहीं. टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आंकडा असतो, तो याच झिजेचा. ही अमेरिकन सरकारनें घालून दिलेली पद्धति. ठरलेल्या नमुन्याच्या टायरची झीज १०० धरावयाची. २०० चा टायर त्याच्या दुप्पट टिकावा, ४०० चा चौपट. रोजच्या शांत वापराचे टायर ४०० च्या पुढें असतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ हा ३२० चा, तर योकोहामाचा अॅडव्हान निओव्हा एडी०९ हा २०० चा. मात्र हे आंकडे कारखानदार आपले आपणच छापतात, म्हणून एका कंपनीचा ३०० व दुसरीचा ३०० हे एकाच तागडींत घालूं नयेत.

आमच्या भागांतील वाचकांना हा भेद समजावून सांगण्यास तळेगांव दशासरचा शंकरपट पुरे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली होती. १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरल्यानें वाट मोकळी झाली. पटावर बैल पाहिलेल्या कोणालाही विचारा, पटाची जोडी आणि औताची जोडी एक असते काय? पटाच्या जोडीचा खुराक निराळा, तिची निगा निराळी. तिच्यावर कोणी नांगर टाकीत नाहीं. २०० चा टायर ही पटाची जोडी होय. आपल्या मुलाची अपेक्षा अशी कीं एकाच जोडीनें शनिवारीं पट जिंकावा, सोमवारीं औत ओढावें आणि दिवाळीला सहाशें किलोमीटर चालून घरीं यावें. ज्या टायरला हें सर्व बऱ्यापैकीं जमतें तो ३०० च्या आसपासचा. तो घड्याळांत एक-दोन सेकंद मागें पडेल. पडूं द्यावा.

आणि मागें पडण्यांत नवशिक्याचें हितच आहे. साधा चांगला टायर पकड सोडण्यापूर्वीं ओरडतो, हळूहळू सरकतो, चालकाला सांवरण्यास अवधि देतो. शर्यतीचा टायर पुष्कळ वेळ मुकाट्यानें सोसतो आणि सोडतो तेव्हां एकदम सोडतो, तोही अधिक वेगांत. चूक होतांच वहीवर लाल रेघ मारणारा मास्तर बरा, कीं वर्षभर गप्प राहून वार्षिक परीक्षेंत नापास करणारा?

आतां हवेचा विषय. याविषयीं आपल्याकडे जितके गैरसमज आहेत तितके पंचांगाविषयींही नसतील. वैशाख लागला, अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, कीं पुष्कळ गृहस्थ टायरांतील हवा मुद्दाम तीन-चार पौंडांनीं उतरवितात. हेतु हा कीं तापून फुगलेला टायर फुटूं नये. हेतु चांगला, परिणाम उलटा. धड टायर उन्हानें वाढलेल्या दाबानें फुटत नाहीं. हवा कमी असली म्हणजे त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वांकते व पुन्हा सरळ होते. या वांकण्यानें रबर व आंतील धागे यांच्या पोटांत उष्णता सांठते, आणि तासाभराच्या वेगवान प्रवासानंतर थर एकमेकांपासून सुटूं लागतात. तार पुनःपुन्हा वांकविली तर तुटण्यापूर्वीं ती बोटाला चटका देते, तोच हा प्रकार.

दाब किती वाढतो तें शाळेंत वायूंचा नियम शिकलेल्या कोणासही काढतां येईल. सकाळीं २५ अंश उष्णतेंत गार टायरमध्यें ३३ पौंड हवा भरली. वातावरणाचे १४.७ मिळविले कीं ४७.७ झाले. प्रवासांत टायर ६० अंशांपर्यंत तापला, म्हणजे निरपेक्ष मापानें २९८ चे ३३३ झाले. त्या प्रमाणांत ४७.७ चे ५३.३ होतात, त्यांतून वातावरण वजा जातां कांटा साडेअडतीस पौंडांच्या थोडा वर उभा राहील. ही वाढ कारखानदारानें आधींच हिशेबांत धरलेली असते. अशा वेळीं पेट्रोलपंपावर थांबून 'जास्तीची' हवा सोडून पुन्हा ३३ केले, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं गार टायरांत उरतात फक्त २८. म्हणून हवा गार टायरची मोजावी, घरच्या कांट्यानें मोजावी, आणि दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर जो आंकडा आहे तोच भरावा. गाडी माणसांनीं व सामानानें भरलेली असेल तर त्याच पट्टीवरील भरल्या गाडीचा.

ट्रॅकवर मात्र हवा सोडणें शास्त्रशुद्ध आहे. तेथें चार-पांच फेऱ्यांतच दाब इतका चढतो कीं टायर मधोमध फुगतो व कडा जमीन सोडूं पाहतात. म्हणून जाणते लोक तापलेल्या टायरमधून हवा सोडून दाब बेताचा करितात. घात होतो तो परतीच्या वाटेवर. सायंकाळीं मुलगा दमलेला असतो, आनंदांत असतो, मागें मित्र व सामान असतें, आणि हवा पुन्हा भरावयाची राहून जाते. रात्रीं टायर गार होतात, दाब सत्ताविसावर येतो, आणि तीच मोटार हमरस्त्यावर शंभरानें धांवूं लागते. माझ्या मतें या सबंध छंदांतील खरें भय ट्रॅकवर नाहीं, या एका विसरण्यांत आहे. ट्रॅकवर निदान रुग्णवाहिका उभी असते. मुलाला उपदेश न करितां आईनें नुसता फोन करून 'हवा भरलीस का?' एवढें विचारलें तरी पुरे.

हें भय आपल्या भागांत अधिक कां, तर रस्ते आतां उत्तम झाले म्हणून. कित्येक वर्षें खड्ड्यांनीं गाजलेला अमरावती-अकोला महामार्ग २०२२ च्या जूनमध्यें, मृगाच्या तोंडावर, असा झपाट्यानें झाला कीं लोणी ते माना यांमधील ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला जाऊन गिनीज बुकांत नोंद झाली. त्याच वर्षीं ११ डिसेंबरला नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग उघडला. ५ जून २०२५ पासून सर्व ७०१ किलोमीटर खुले आहेत. पूर्वीं खड्डाच वेगाला लगाम घाली. समृद्धीवर मोटारीला ताशीं १२० ची मुभा आहे, आणि तास-तास वेग कमी करावा लागत नसल्यानें टायरला विसांवा असा मिळतच नाहीं. अपघात वाढल्यावर २०२३ सालीं परिवहन खात्यानें तेथें टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत फिरविल्या, तें उगाच नव्हे. या महामार्गावर नायट्रोजनच भरला पाहिजे अशी एक समजूत आहे. साध्या हवेंतही शेंकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनांत ओलावा नसतो व दाब थोडा सावकाश उतरतो, एवढाच लाभ. तापल्यावर तोही जवळजवळ तेवढाच वाढतो. फुकट मिळाला तर नाकारूं नये.

उन्हाळ्याइतकाच पावसाळाही विचारांत घ्यावा. टायरवरील खांचा ह्या चाकाखालचें पाणी बाहेर काढण्यासाठीं असतात. नव्या साध्या टायरला त्या सात-आठ मिलीमीटर खोल असतात. ट्रॅकच्या टायरला मुळांतच कमी, व दोन-तीन ट्रॅक डे झाले म्हणजे आणखी कमी. खांचांच्या तळाशीं झिजेची जी खूण असते ती १.६ मिलीमीटरवर, परंतु तीन मिलीमीटरखालीं गेल्यावरच ओल्या रस्त्यावर टायर पाण्यावर तरंगूं लागण्याचा संभव बराच वाढतो. त्यांत आपली काळी माती. जुलैमध्यें शेतांतून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर जो चिखल सोडून जातो त्यावर भल्याभल्यांची पकड जाते. दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागच्या चाकांना घालावे, मोटार पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी असली तरीही. ओल्यांत पुढचीं चाकें सरकलीं तर गाडी सरळ जाते, मागचीं सरकलीं तर गरकन् फिरते.

विकत घेतांना बाजूवरील अक्षरें वाचावीं. २०५/५५ आर१६ ९१व्ही याचा अर्थ : रुंदी २०५ मिलीमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ५५, रचना रेडियल, रिम १६ इंची, ९१ म्हणजे एका टायरनें ६१५ किलो भार सोसावा, व्ही म्हणजे ताशीं २४० पर्यंतची क्षमता. मूळ आंकड्याहून भार व वेग यांपैकीं कांहींही कमी घेऊं नये. अमेरिकन पद्धतींत उष्णता सोसण्याची प्रतही ए, बी, सी अशी दिलेली असते; वऱ्हाडांत राहणाऱ्यानें ए सोडून दुसरीकडे पाहूं नये. शेवटच्या चार आंकड्यांत जन्मतारीख असते : २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. येथील एका दुकानदारानें माझ्या भाचेजांवयास चार वर्षांचा जुना माल 'अगदीं कोरा' म्हणून दाखविला होता. तो कोरा होता खरा. पण रबर वापराविनाही म्हातारें होतें. पांच वर्षांनंतर टायर दरसाल तपासून घ्यावे आणि दहा वर्षांचा झालेला, दिसण्यांत कितीही चांगला असो, काढून टाकावा.

मोठे रिम व अरुंद भिंतीचे टायर लावून गाडी देखणी करण्याची हौस पुष्कळांना असते. ट्रॅकवर त्याचा थोडा उपयोग आहे. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका खड्ड्यांत रिम वांकते व टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि तो फुगा दुरुस्त होत नसतो.

छंद टिकला, हात बसला, मिळकतही बरी आहे, तर मग दुसऱ्या वर्षीं चार जुन्या रिमांवर २०० चे टायर चढवून घ्यावे व ते केवळ ट्रॅकवर, तेथें पोंचल्यावरच, बदलावे. मागील आसन पाडलें तर चारी चाकें साध्या मोटारींत मावतात. हें महाग वाटतें, पण रोजचे टायर त्यामुळें वर्षानुवर्षें टिकतात. मेळघाटाच्या वळणांवर, चिखलदऱ्याच्या वाटेवर मात्र त्यांची परीक्षा घेऊं नये. तेथें समोरून एस. टी. येते आणि रात्रीं रानगवे रस्त्यावर उभे असतात. आणखी एक गोष्ट वडिलांनीं ध्यानांत ठेवावी : खासगी मोटारीच्या विम्यांत शर्यत व वेगचांचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी आपटली तर तो खर्च घरचा.

चाकें नेण्यास जागा हवी म्हणून, किंवा वजन घटावें म्हणून, हीं मुलें स्टेपनी काढून पुण्याच्या खोलींत ठेवतात. दिवाळीस निघण्यापूर्वीं ती गाडींत परत गेली आहे कीं नाहीं, आणि तिच्यांत हवा आहे कीं नाहीं, तें पाहण्यास सांगावें. ती मूळ चाकाहून लहान मापाची असेल, तर तिच्यावर ताशीं ८० हून अधिक जावयाचें नसतें, हेंही.