नकाशा फक्त सबमिशनपुरता?

सबमिशनचा आठवडा आठवून बघा. भूगोल विभागातली एखादी मैत्रीण रात्र जागून एका गावातल्या विहिरींचा नकाशा करत असते. समोरच्याच इमारतीत सिव्हिलचा ग्रुप त्याच गावाच्या पाइपलाइनचं प्रोजेक्ट करतो आणि कॉम्प्युटरवाले टँकरचं ॲप. तिघांची ओळखही नसते. व्हायवा होतो, मार्क पडतात आणि फाइल पेनड्राइव्हमध्ये पडून राहते. पुढच्या वर्षीची बॅच पुन्हा पहिल्या विहिरीपासून मोजायला लागते.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हा एकट्याने करायचा विषयच नाही. जमिनीची जाण भूगोलाकडे, मोजणीचं शास्त्र सर्व्हेइंगकडे आणि डेटाबेस कॉम्प्युटर सायन्सकडे. अमेरिकेत १९८८मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून या विषयाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, तेव्हा ते एका विद्यापीठाच्या पदरात टाकलं नाही. सांता बार्बरा, बफेलो आणि मेन अशा तीन विद्यापीठांनी ते मिळून चालवलं. एक पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, तर एक थेट अटलांटिकच्या बाजूला! त्यांनी १९९०मध्ये ७५ व्याख्यानांचा सामायिक अभ्यासक्रमही तयार केला. ज्या कॉलेजात या विषयाचा तज्ज्ञ नव्हता, तिथल्या शिक्षकालाही त्याच्या आधारे वर्ग सुरू करता आला. सहकार्याचा खरा फायदा हाच. मोठ्यांचं काम लहानांच्या हाताला लागतं.

विद्यार्थ्यांचंही उदाहरण आहे. २०१४मध्ये तीन अमेरिकन विद्यापीठांनी सुरू केलेल्या ‘यूथमॅपर्स’मध्ये आज अनेक देशांतल्या कॉलेजांचे गट आहेत. उपग्रहचित्रं बघून ही मुलं ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर रस्ते, घरं, पूल भरतात. तो नकाशा कुणालाही वापरता येतो.

मग आपलं घोडं कुठे अडलंय? सॉफ्टवेअर महाग म्हणाल, तर क्यूजीआयएस फुकट आहे. परवानगी म्हणाल, तर फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केले. भारतीय संस्थांना नकाशांची माहिती गोळा करायला आणि वापरायला आता आधी परवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांची बंधनं तेवढी पाळायची. अडचण आहे ती ‘माझं प्रोजेक्ट, माझे मार्क’ या सवयीत. विद्यापीठंही त्याला खतपाणी घालतात, कारण दोन विभागांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टला गुण कोणी द्यायचे, हेच अनेकदा ठरलेलं नसतं. ते ठरवायला हवं, आणि ती मागणी आपणच करायला हवी.

‘आपलं काम कोणी ढापलं तर?’ ही भीती खोटी नाही. त्यासाठी नकाशावर नाव, तारीख आणि माहिती कुठून घेतली ते लिहा. श्रेय नोंदलेलं राहील आणि चूक असेल तर पुढचा ती दुरुस्त करेल.

तेव्हा यंदा प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी एक करा. शेजारच्या विभागात जा आणि विचारा, ‘तुमचं काय चाललंय?’ सबमिशननंतर फाइल विभागाकडे नीट ठेवून द्या, ज्युनिअर्सना सापडेल अशी. विहिरी एकदाच मोजल्या, तर पुढच्या बॅचला त्यातलं पाणी मोजता येईल. पाच वर्षांनी पाणी किती खाली गेलं, ते गावाला सांगता येईल. त्या गावाला तुमच्या मार्कांपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.